खासगी सर्व्हरमधील घुसखोरी, सदोष इमेज आणि पुसलेली डिस्क : तक्रार पत्र

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माझ्या व्हीपीएसमध्ये झालेली घुसखोरी, आपण पुरवलेल्या इमेजमधील (सर्व्हर ज्यावरून उभा होतो त्या तयार साच्यातील) दोष आणि माझ्या संमतीशिवाय पुसण्यात आलेली डिस्क यांबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीकडून मी वार्षिक शुल्क भरून एक लहान व्हीपीएस (भाड्याने मिळणारा स्वतंत्र आभासी सर्व्हर) वैयक्तिक वापरासाठी घेतलेला आहे. त्यावर उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली आहे. आमच्या घरात जपून ठेवलेल्या मोडी कागदपत्रांच्या स्कॅन प्रती, त्यांचे मी केलेले देवनागरी लिप्यंतर आणि कुटुंबाची ई-मेल एवढेच त्यावर असते. कोणताही व्यवसाय त्यावर चालत नाही. गेल्या महिन्यात या सर्व्हरमध्ये कोणीतरी रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकारांनी शिरले. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर असे प्रयत्न रोज होतात याची मला कल्पना आहे आणि तेवढ्यासाठी मी आपल्याला पत्र लिहिले नसते. परंतु ही घुसखोरी आपण दिलेल्या इमेजमधील सेटिंगमुळे शक्य झाली आणि मी ती कळवल्यावर आपल्या साहाय्य विभागाने तिचा पुरावाच पुसून टाकला, म्हणून ही लेखी तक्रार करणे भाग पडले आहे.

सर्व्हर अतिशय संथ चालू लागल्याने मी लॉगइन करून पाहिले, तेव्हा एक अनोळखी प्रोसेस सगळा सीपीयू खात होती. क्रिप्टो-मायनिंगचे (दुसऱ्याच्या यंत्रावर आभासी चलन मिळवण्याचे) ते नेहमीचे लक्षण आहे. त्या प्रोसेसची मूळ फाइल डिस्कवरून आधीच काढून टाकलेली होती. तिच्या नोंदीपुढे ‘डिलिटेड’ असे दिसत होते, म्हणजे ती आता केवळ मेमरीत शिल्लक होती. रूटच्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलमध्ये माझी नसलेली एक एसएसएच की (दुरून लॉगइन करण्याची डिजिटल किल्ली) भरलेली होती. ती ओळ मी काढायला गेलो असता रूट असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर आले, कारण ‘सीएचअॅटर’ ही आज्ञा वापरून ती फाइल बदलता येणार नाही अशी करून ठेवलेली होती. हे सारे काम ठरवून केलेले होते, हे त्यावरून स्पष्ट होते. मी कशालाही आणखी हात न लावता लॉगच्या (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींच्या) प्रती माझ्या संगणकावर उतरवून घेतल्या.

त्या लॉगमध्ये पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर रूट’ अशी ओळ आहे. आपण कृपया या ओळीकडे लक्ष द्यावे. मी या सर्व्हरवर पासवर्डने कधीच लॉगइन करत नाही. सर्व्हर सुरू केला त्याच दिवशी एसएसएचच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मी पासवर्डने लॉगइन बंद केले होते आणि रूटचे थेट लॉगइनही बंद केले होते. तरीही पासवर्ड स्वीकारला गेला, याचे कारण ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरातील ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ या फाइलमध्ये सापडले. आपल्या इमेजसोबत आलेल्या या फाइलमध्ये पासवर्ड-लॉगइन आणि रूट-लॉगइन ही दोन्ही ‘यस’ केलेली आहेत. उबुंटूमध्ये या फोल्डरातील फाइली मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचल्या जातात, आणि ओपनएसएसएच (दुरून लॉगइन हाताळणारे सॉफ्टवेअर) एखाद्या सेटिंगचे जे मूल्य पहिल्यांदा वाचते तेच धरते. त्यामुळे खाली मी लिहिलेल्या ‘नो’ला काहीही अर्थ उरत नाही. मुख्य फाइल उघडून पाहणाऱ्याला दार बंदच दिसते. या फाइलविषयी आपल्या माहितीपुस्तिकेत, स्वागताच्या ई-मेलमध्ये किंवा कंट्रोल पॅनलवर अवाक्षरही नाही.

दुसरी बाब पासवर्डची. रूटचा तो पासवर्ड आपल्या यंत्रणेने तयार केला, मला साध्या ई-मेलने उघड अक्षरांत पाठवला आणि मी तो एकदाही वापरलेला नाही. ज्या इंटरनेट पत्त्यावरून लॉगइन झाले त्या पत्त्यावरून, किंवा त्याच्या आधीच्या तासांत अन्य पत्त्यांवरून, रूटसाठी चुकलेल्या प्रयत्नांची रांग लॉगमध्ये दिसत नाही. पासवर्ड अंदाजाने सापडला असता तर ती दिसली असती. अर्थात, रूट हाती लागलेल्या माणसाला त्या यंत्रावरच्या नोंदी हव्या तशा बदलता येतात, म्हणून केवळ माझ्याकडील प्रतीवरून पासवर्ड अमुक ठिकाणाहून फुटला असा आरोप मी करत नाही. त्याचा निर्णय यंत्राबाहेरच्या, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या आणि कंट्रोल पॅनलच्या नोंदींवरूनच होऊ शकतो, आणि त्या नोंदी फक्त आपल्याकडे आहेत.

हे सर्व मी त्याच दिवशी आपल्या साहाय्य विभागाला तिकिटाद्वारे (ऑनलाइन तक्रार-नोंदीद्वारे) कळवले होते. सर्व्हरचे नेटवर्क तोडावे, मात्र यंत्र बंद करू नये, कारण मेमरीतील ती प्रोसेस यंत्र बंद होताच नाहीशी होईल; आणि डिस्कची जशीच्या तशी प्रत मला द्यावी, अशी माझी स्पष्ट विनंती होती. त्यावर ‘आपल्या सर्व्हरवरून गैरवापर होत आहे’ असा ठरीव मजकूर आला, यंत्र बंद करण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तिकीट उघडे असतानाच, मला न विचारता, डिस्क पुसून त्याच इमेजची पुन्हा प्रतिष्ठापना करण्यात आली. या नव्या प्रतिष्ठापनेत मी प्रथम मुख्य फाइलमध्ये पासवर्ड-लॉगइन बंद केले आणि ‘एसएसएचडी -टी’ (मोठ्या लिपीतील टी) ही आज्ञा देऊन प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग पाहिली, तर उत्तर पुन्हा ‘यस’ असेच आले. ज्या वाटेने घुसखोर आला होता, तीच वाट आपल्या विभागाने त्याच पत्त्यावर पुन्हा मोकळी करून दिली होती.

आपली सेवा ‘अनमॅनेज्ड’ (म्हणजे सर्व्हरची देखभाल ग्राहकानेच करायची अशी) असल्याने सुरक्षेची जबाबदारी ग्राहकाची, असे उत्तर मला मिळाले आहे. मी स्थापित केलेल्या सॉफ्टवेअरची, त्याच्या अपडेटची आणि माझ्या बॅकअपची जबाबदारी माझी आहे आणि ती मी पार पाडत आलो आहे. इमेज मात्र आपण तयार केलेली आहे. तिच्यातील जी सेटिंग ग्राहकाने घेतलेली खबरदारी न सांगता निष्फळ करते, तिची जबाबदारी ‘अनमॅनेज्ड’ या शब्दाच्या आड ग्राहकावर ढकलता येणार नाही.

डिस्कची प्रत मला का हवी होती, हे आपल्या विभागाला गौण वाटले असावे. माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी हानी आहे. मोडी कागदातील एका अक्षराच्या वाचनाने गावाचे नाव किंवा साल बदलते, आणि माझ्या लिप्यंतरांवर विसंबून इतर लोक पुढचे काम करतात. स्कॅन प्रतींची शा-२५६ बेरीज (फाइलमध्ये जराही बदल झाल्यास बदलणारा आकडा) मी वेगळी जपलेली असल्याने त्या पडताळता आल्या. लिप्यंतरांत मात्र रोज दुरुस्त्या होत असतात. घुसखोर नेमका केव्हापासून आत होता हे कळल्याशिवाय माझ्याकडील कोणत्या तारखेचा बॅकअप निर्धोक मानायचा, हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचे साधन आपण पुसून टाकले. दरम्यान मी दुसऱ्या यंत्रावर सर्व काही नव्याने उभारले, जोडणी सुरक्षित करणारे टीएलएस प्रमाणपत्र रद्द करून घेतले, ई-मेलवर खरेपणाची सही करणाऱ्या डीकेआयएम की आणि सर्व पासवर्ड बदलले. लॉग आता घडताक्षणीच वेगळ्या यंत्रावर जमा होतात. या सगळ्यावर कडी म्हणजे त्या प्रोसेसने वापरलेल्या सीपीयूपोटी ‘अतिरिक्त वापर’ म्हणून ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४,७२० रुपयांचे बिल आपण मला पाठवले आहे. हे बिल मला मान्य नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब अन्वये सर्ट-इनने (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेले निर्देश आपल्यालाही लागू आहेत. त्यानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणे आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. माझ्या तिकिटानंतर आपण ही घटना कळवली का, आणि कळवली असल्यास केव्हा, हे मला लेखी सांगावे.

आपल्या साप्ताहिक बॅकअपमध्ये माझ्या सर्व्हरच्या ज्या प्रती शिल्लक असतील त्या आजपासून पुसू नयेत व मला उतरवून घेण्यासाठी उपलब्ध करून द्याव्यात, ही माझी पहिली आणि तातडीची मागणी आहे. या बॅकअपची मुदत संपली की तोही मार्ग बंद होईल. माझ्या सर्व्हरच्या संदर्भातील नेटवर्कच्या नोंदी, तसेच माझ्या खात्यावरील कंट्रोल पॅनल-लॉगइन व पासवर्ड-रीसेटच्या नोंदी मला द्याव्यात. वरील बिल रद्द करून चालू वर्षाचे उरलेले शुल्क परत करावे. इमेजमधील ती फाइल दुरुस्त करावी, रूटचा पासवर्ड ई-मेलने पाठवणे थांबवावे आणि हीच इमेज वापरणाऱ्या इतर सर्व ग्राहकांना या दोषाची स्पष्ट सूचना द्यावी. या शेवटच्या मागणीतून मला स्वतःला काही मिळणार नाही, तरी ती मी सोडणार नाही, कारण आपले दार बंद आहे अशा समजुतीत ते ग्राहक आजही आहेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. लॉगच्या प्रती, दोन्ही वेळच्या कॉन्फिगरेशन फाइली, तिकिटावरील संपूर्ण पत्रव्यवहार आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
(स्वाक्षरी)
व्हीपीएस सेवेचा ग्राहक