मंडळाच्या वह्या रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे आकाशवाणीच्या शिवाजीनगरच्या वास्तूबद्दल कुणी लिहायला बसलं की गाडी ‘गीतरामायणा’वर येते आणि तिथेच थांबते. तक्रार नाही. १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेली ती ५६ गाणी आमच्याही घरात पाठ होती. पण २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेल्या या केंद्राने त्याच सुमारास आणखी एक काम केलं. शहरात ते कुणाला आठवत नाही, आम्हा गावाकडच्यांना आठवतं.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने रेडिओ श्रोते मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा, या पाच जिल्ह्यांतली १५० गावं. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, असे २० कार्यक्रम. ऐकायचं, तिथेच बसून बोलायचं आणि पडलेले प्रश्न केंद्राला पत्राने कळवायचे. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर गेली.

वडील आमच्या गावच्या मंडळाचे चिटणीस होते. मी आठ वर्षांचा. चावडीत बॅटरीवरचा सेट, मधे कंदील, भोवती वीसेक माणसं. बायका मंडळात नव्हत्या, पण शेजारच्या ओट्यावर धान्य निवडायचं काम नेमकं त्याच दोन संध्याकाळी निघायचं. कार्यक्रम संपला की खरी गंमत. रेडिओवर सांगितलेलं खत आमच्या जमिनीला चालेल का, यावरून एरवी बांधावर तोंड न बघणारे दोन भाऊबंद तावातावाने बोलले. वडिलांनी ते सगळं वहीत उतरवलं, भांडणासकट. एकदा आमच्या गावाचं नाव घेऊन उत्तर आलं. नाव ऐकून असा गलका झाला की उत्तर काय होतं ते कुणाला कळलंच नाही. वडिलांना तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवावा लागला!

पुढे शिकायला पुण्याला आलो तेव्हा मुद्दाम आकाशवाणी बघायला गेलो. ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर असतात हे ठाऊक होतं. ते काही दिसले नाहीत. स्टुडिओचं जाड दार मागे लागलं आणि रस्त्यावरचा आवाज एकदम तुटला. आमच्या चावडीतल्या आरडाओरड्याला उत्तरं इथून, एवढ्या शांततेतून जात होती, हे काही केल्या पटेना.

त्या वास्तूच्या दर्शनी भागात १५० गावांच्या नावांचा एक फलक लावावा, एवढी विनंती. आणि या पाच जिल्ह्यांत कुणाच्या माळ्यावर मंडळाची वही असेल तर ती रद्दीत घालू नये. वडिलांची वही माझ्याकडे आहे. पहिली चार पानं उंदरांनी खाल्लीत. त्यांवर उंदरांच्या बंदोबस्ताची चर्चा होती, असं वडील सांगत.

– एक जुना श्रोता, संगमनेर