‘ऊन लागलं असन’ म्हणण्याआधी कुत्र्याच्या हिरड्या पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आठवड्यावर आला आहे. या दिवसांत माणसांनी उन्हापासून कसे जपावे, याची माहिती आपले वृत्तपत्र दरवर्षी देते आणि आमच्या घरात ती मन लावून वाचली जाते. त्याच जागी यंदा घरातल्या कुत्र्यांच्या आजारांविषयीही चार ओळी याव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उन्हाळ्यात कुत्रा मलूल झाला, की त्याला ऊनच लागले असणार, असे आपण नागपूरकर फार लवकर ठरवून टाकतो. या एका समजुतीपायी आजार कसा हातचा जातो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

आमची बिजली ही गावठी कुत्री चार वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी तिने पोळीचा वास घेऊन तोंड फिरवले आणि कूलरसमोर जाऊन पडून राहिली. ‘ऊन लागलं असन तिले, दोन दिवसांत होते बरी,’ असे शेजारच्या काकू म्हणाल्या आणि आम्हालाही ते पटले, कारण त्या आठवड्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास होता. आम्ही तिला ताक पाजले आणि लू लागलेल्या माणसाला देतात तसा कांद्याचा रसही त्यात घातला. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आले. आमच्या मुलांचा दर उन्हाळ्यात घोळणा फुटतो, त्यामुळे ही उष्णताच आहे, असे आम्ही धरून चाललो. अंग तापलेले लागले म्हणून एका औषधाच्या दुकानात विचारले, तेव्हा माणसांची पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून द्या, असे सांगण्यात आले, आणि तीही आम्ही दिली. पाचव्या दिवशी पशुवैद्यकाकडे नेले, तोवर तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उमटले होते आणि रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, २०,००० च्याही खाली गेल्या होत्या. निदान गोचीड तापाचे झाले. सातव्या दिवशी ती गेली.

तिला ऊन लागलेलेच नव्हते. गोचीड ताप म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो खरे तर एकच आजार नाही. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड चावताना एर्लिकिया नावाचे जिवाणू रक्तात सोडते, तेव्हा एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, भूक जाते, गाठी सुजतात आणि प्लेटलेट घसरतात. माणसाच्या मुलाचा घोळणा उन्हाने फुटत असेलही, पण कुत्र्याच्या नाकातून आलेले रक्त हे प्लेटलेट घसरल्याचे चिन्ह असू शकते आणि त्याच दिवशी रक्त तपासले पाहिजे, एवढे आम्हाला माहीत असते तर आमचे दोन दिवस वाचले असते. दुसरा प्रकार बाबेसियाचा. हा परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडतो, त्यामुळे लघवी गडद तपकिरी होते, डोळे पिवळे दिसू लागतात आणि कुत्रा चार पावले चालून बसतो. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात आणि दोहोंची औषधे वेगळी असतात. म्हणून ओळखीच्या कुणाच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेल, असे मुळीच नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि रक्तपेशी मोजणे, एवढ्या साध्या तपासणीनेही पुष्कळ उलगडा होतो.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते आणि बहुतेक कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून खाऊ लागतात. फसगत होते ती येथेच. कुत्रा खेळू लागला म्हणून आपण गोळ्या थांबवतो. हा उपचार साधारणपणे २८ दिवसांचा असतो आणि अर्धवट सोडल्यास जिवाणू काही महिने शरीरात दडून बसतात व पुढे अस्थिमज्जेवरच घाला घालतात. त्या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणे फार कठीण असते.

कांद्याच्या रसाविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती चूक मायेपोटी होते. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि तोच कांदा कुत्र्यालाही थंडावा देईल, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना मनापासून वाटते. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. जिचे रक्त आधीच उतरत होते, त्या बिजलीला आम्ही रक्त आणखी उतरवणारा पदार्थ औषध म्हणून पाजला. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला अपाय होतो, तर आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्याला माणसांची कोणतीही गोळी पशुवैद्यकाने वजन पाहून सांगितल्याशिवाय देऊ नये. सावजी रश्श्यातली हाडे आणि प्रसादातले मनुकेही देऊ नयेत. मनुक्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे अनेक घरांत ठाऊकच नसते.

मग ऊन लागले आहे की ताप आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? अंगाला हात लावून ओळखता येत नाही, कारण निरोगी कुत्र्याचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते आणि आपल्या तळहाताला ते नेहमीच गरम लागते. कोरड्या नाकावरूनही काही ठरत नाही. दुकानात मिळणारा साधा डिजिटल तापमापक कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा, टोकाला थोडे व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात जरासा सरकवावा आणि आकडा लिहून ठेवावा. सावलीत शांत पडलेल्या कुत्र्याचे तापमान १०३ च्या वर जात असेल आणि तो जेवत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसरी खूण हिरड्यांची. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबली असता ती पांढरी होते आणि बोट काढल्यावर सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. कुत्रा धडधाकट असताना हे दोन-चार वेळा करून पाहिले, तर आजारी पडल्यावर झालेला फरक लगेच ध्यानात येतो आणि त्यालाही तोंडाला हात लावून घेण्याची सवय होते.

खरा उष्माघात दोन दिवस रेंगाळत नाही, तो तासाभरात जीव घेऊ शकतो. या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना, बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर काढावी लागते. हवा दमट असली, की धापा टाकूनही उपयोग होत नाही. म्हणूनच खिडक्या बंद करून लावलेला कूलर, किंवा जूनमध्ये पावसाआधीच्या दमट दिवसांतला कूलर, कुत्र्याला आपण समजतो तेवढा आराम देत नाही. खोलीत हवा खेळती हवी. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर नीट धापाच टाकता येत नाहीत. जीभ गडद लाल, तोंडातून घट्ट लाळ, झोकांड्या, उलटी आणि १०५ च्या पुढचे तापमान अशी लक्षणे दिसली, तर आधी कुत्र्याला थंड करावे आणि मग गाडीत घालावे. सावलीत आणून पोटावर, मांड्यांच्या आत आणि पंजांवर पाणी ओतत राहावे आणि पंखा लावावा. नागपुरात येथे एक अडचण येते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी कढत असते. त्यामुळे जमिनीखालच्या टाक्याचे किंवा माठातले पाणी घ्यावे. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो गरम होऊन उष्णता कोंडतो. तापमान १०३ च्या जवळ आले, की पाणी थांबवावे आणि कुत्रा सावरलेला दिसला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण मूत्रपिंडांवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू शकतो.

‘उन्हाळाच आहे’ या वाक्याआड आणखी एक आजार लपतो. नसबंदी न केलेली मध्यमवयीन कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, वारंवार लघवीला जाऊ लागली, जेवण कमी झाले, तर ते गर्भाशयात पू झाल्याचे लक्षण असू शकते. स्राव बाहेर दिसेलच असे नाही, आणि गर्भाशय फुटल्यास कुत्री दगावते. कुत्री दिवसभरात किती पाणी पिते, हे वाटीने मोजावे. दहा किलो वजनाचे जनावर घरातच असताना दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी सातत्याने पीत असेल, तर त्याचे कारण शोधायलाच हवे. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजारही असेच सुरू होतात. पिलांच्या बाबतीत तर वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण लसीकरण पूर्ण न झालेल्या पिलाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर पार्व्हो या विषाणूमुळे ते एक-दोन दिवसांत जाऊ शकते.

कुत्रा उन्हाने पिसाळतो, हेही आपल्याकडे सर्रास बोलले जाते. रेबीज हा विषाणूचा आजार आहे आणि तो पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून किंवा लाळेतून येतो, उन्हातून नाही. जबडा लोंबणाऱ्या, गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या घशात हाड अडकले असेल म्हणून कुणीही हात घालू नये, आणि घालून झाला असेल तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करावे.

गोचिडीपासून बचाव हा कुत्र्याच्या अंगापुरता नसतो. ही गोचीड रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून मानेवर टाकायचे थेंब किंवा चघळायची गोळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरलेल्या दिवशी द्यावी आणि भेगा बुजवाव्यात. कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी आठवड्यातून एकदा तरी हात फिरवावा. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. तिला रॉकेल लावणे, काडीने चटका देणे किंवा बैलांच्या अंगावर लावायचे औषध अंदाजाने कालवून कुत्र्याला चोळणे हे सारे घातक आहे.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. तेथील जाणकारांकडून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी साध्या मराठीत एक पानाचे पत्रक तयार करून घ्यावे, महापालिकेने रेबीज लसीकरणाच्या वेळी ते प्रत्येक श्वानपालकाच्या हाती द्यावे, आणि जमल्यास त्याच वेळी कुत्र्याचे तापमान व हिरड्या तपासून दाखवाव्यात, अशी माझी जाहीर विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही रोजच्या कमाल तापमानाच्या चौकटीखाली ‘कुत्रा जेवत नसेल तर ताप मोजा, हिरड्या पाहा, कांदा देऊ नका’ एवढी एक ओळ नवतप्यापुरती छापावी. आमच्या घरी आता दोन वर्षांचा शेरू आहे आणि त्याचा तापमापक कूलरशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो.

आपला,
एक श्वानपालक वाचक, नागपूर