साडेतीन चरणांसाठी आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

चतुर्थीच्या स्मरणिकेतल्या कविता तुम्ही तपासून दिल्यात, त्याबद्दल गोव्यातल्या फोंड्याहून हे जाहीर पत्र. शब्दांना तुम्ही फारसा हात लावला नाही. कडेला पेन्सिलीनं एवढंच विचारलंत: ‘श्वास कुठे थांबतो?’

आई गेल्यानंतरची पहिली माटोळी (चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट), हा एकच विषय तुम्ही तीन घाटांत बसवून दाखवलात. आधी ओवी:

माटोळीला नारळ बांधला
सुपारीचा घोस टांगला
दोर तुझ्या हातचा उरला
तू नाहीस

ओवीत अक्षरांची संख्या ठरलेली नसते. तीन चरणांना यमक आणि चौथा अर्धा, एवढाच नेम. कान चौथ्यांदा ‘ला’ची वाट बघतो आणि त्याच्या हाती चार अक्षरं पडतात, तीही बिनयमकाची. हा चरण ‘आज मात्र घरी तू नाहीस’ असा लांबवला की सगळं बिघडतं. आमच्याकडच्या बहुतेक ओव्या नेमक्या इथेच पडल्या होत्या: शेवटी जास्त सांगायचा मोह.

अर्ध्या चरणाचं बळ मराठीत ख्रिस्तकथा लिहिणाऱ्या इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सना पुरेपूर ठाऊक होतं. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातल्या साष्टीत राचोलला छापलं गेलं. लिपी रोमन, चाल मात्र पुराणाची. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओवीत ‘तैसी भासांमाजि चोखळा’ हा तिसरा चरण नऊ अक्षरांचा, त्यामागून ‘भासा मराठी’ ही पाचच. हिरा, रत्नं सगळी आधीच्या चरणांत येऊन गेलेली असतात, म्हणून ते दोन साधे शब्द एकटे उभे राहतात.

मग तोच विषय मोठ्या अभंगात, सहा-सहा-सहा-चार:

माटोळी बांधता । हात माझा अडे ।
दोर तुझा पडे । नजरेस ॥

जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, म्हणजे मधेच जुळून जातं, आणि शेवटची चार अक्षरं टाळकऱ्यांनी उचलायला मोकळी राहतात. ओवीतलं दुःख एकटीचं होतं. इथे ते भजनाला बसलेल्या सगळ्यांचं होतं. अक्षर कमी पडलं म्हणून ‘हो’, ‘रे’, ‘ते’ कोंबले, तर तेही सगळे मिळून गातात, हे विसरू नये!

तिसरा प्रयोग मुद्दाम फसवलेला, भुजंगप्रयात या गणवृत्तात:

तुझा दोर माटोळिला बांधताना

लघु-गुरु-गुरु असे चार य गण, बारा अक्षरं, हिशेब चोख. त्यासाठी ‘माटोळीला’मधला ‘ळी’ ऱ्हस्व करावा लागला. तेवढी सूट चालते. पण चाल बघा: ही ‘मनाचे श्लोक’ची, ताठ पावलांची. उपदेशाला उत्तम, हुंदक्याला नाही. शार्दूलविक्रीडिताचा धोका वेगळा. एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे विसावा, पल्ला भरपूर. पण मंगलाष्टकांनी आपले कान असे घडवलेत की शोकगीत ऐकतानाही हात अक्षतांकडे जातो.

मुक्तछंदवाल्यांना तुम्ही जरा जास्तच झोडपलंत, असं आमच्यातल्या दोघांचं मत आहे. तरी तुमची कसोटी आम्ही वापरली: ओळी जोडून गद्यासारखं सलग वाचायचं, आणि काहीच हरवलं नाही तर ओळी उगाच तोडल्या होत्या असं समजायचं. सात कवितांपैकी दोन टिकल्या. त्यातल्या एकीत ‘तू’ आणि ‘नाहीस’ वेगवेगळ्या ओळींवर आहेत. ‘तू’नंतर क्षणभर आई असते. ती तोड तशीच ठेवली आहे.

अंक छपाईला गेला. ओवीतल्या ‘तू नाहीस’पुढचं उद्गारचिन्ह तुम्ही खोडलं होतंत, ते मुद्रितातूनही काढलं आहे.

आपले,
स्मरणिकेचं काम बघणारे आम्ही सगळे