वर्कशॉपमधल्या माझ्या लेकीस

मुलुंड, मुंबई

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मेकॅनाइज्ड ब्रिगेडच्या, म्हणजे चिलखती वाहनांतून लढणाऱ्या पायदळाच्या, वाहने दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेमणूक झाल्याने लढणारी फौज पुढे गेली आणि आपण मागे राहिलो, असे तू लिहिले आहेस. मी स्वतः बीएमपीचा, म्हणजे जवानांना घेऊन रणगाड्यांबरोबर लढणाऱ्या चिलखती गाडीचा, कमांडर म्हणून वाळवंटात नोकरी केली असल्याने याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

१९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात सियालकोट आघाडीवर आपले रणगाडे फिल्लोरापर्यंत धडकले. पण त्यांच्यासोबतचे पायदळ ट्रकमधून जात होते आणि जिथे रणगाडा जातो तिथे ट्रक जाईलच असे नसते. त्या युद्धानंतर काही पलटणींना टोपाझ आणि स्कॉट ही चिलखती वाहने मिळाली आणि १९७९ मध्ये, पुढे लष्करप्रमुख झालेल्या जनरल सुंदरजी यांच्या आग्रहामुळे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आपल्याच अहिल्यानगरला आहे. आज आर्मर्ड डिव्हिजनमध्ये रणगाड्यांच्या ब्रिगेडांबरोबर मेकॅनाइज्ड ब्रिगेड असते, तर सुंदरजींच्याच काळात आकाराला आलेल्या रॅपिड डिव्हिजनमध्ये पायदळाच्या दोन ब्रिगेडांना एका मेकॅनाइज्ड ब्रिगेडची जोड दिलेली असते. तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स हे सगळे त्याच वेगाने चालले पाहिजेत. प्रत्यक्ष लढाईत रणगाडे आणि बीएमपी एकमेकांत मिसळून कॉम्बॅट ग्रुप बांधतात. रणगाडा वाट फोडतो, आणि खंदकातला शत्रू हुसकावून ती जागा ताब्यात ठेवण्याचे काम बीएमपीतून उतरलेले जवान करतात.

आता त्या बीएमपीचा विचार कर. साधारण चौदा टनांचे वाहन, तीस मिलिमीटरची तोफ, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, तीन जणांचा क्रू आणि मागे सात जवान. राजस्थानातल्या महाजनच्या फायरिंग रेंजवर एका रात्री मऊ वाळूत तीव्र वळण घेताना आमचा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, उतरला. ड्रायव्हर आणि गनर फावडी घेऊन वाळू उपसत होते, टॉर्चवर कापड बांधून मी पट्ट्याची पिन शोधत होतो, आणि मागचे सातही जण, ज्यांच्यासाठी हा सारा पसारा मांडलेला असतो, नुसते उभे होते. आमची कंपनी तोवर पुढे निघून गेली होती. पहाटे एलएडीची, म्हणजे पलटणीसोबतच्या दुरुस्ती पथकाची, मुले आली तेव्हा कुठे आम्ही हललो. डिव्हिजनचा वेग नकाशावर कोणीही आखू शकतो. तो टिकतो मात्र एअर क्लीनर वेळेवर साफ करणाऱ्या, एआरव्ही, म्हणजे बिघडलेली चिलखती वाहने ओढणारी गाडी, योग्य जागी उभी ठेवणाऱ्या आणि कोणते वाहन जागीच दुरुस्त करायचे व कोणते मागे ओढून न्यायचे हे काही मिनिटांत ठरवणाऱ्या अधिकाऱ्यामुळे. कुर्ल्याच्या कारशेडमध्ये रात्री काम झाले नाही तर सकाळची लोकल सुटत नाही, हे मुंबईत वाढलेल्या मुलीला मी वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की येत्या एक्सरसाइजमध्ये वर्कशॉपच्या तंबूत बसून राहू नकोस. सीओ साहेबांची परवानगी काढून एक दिवस बीएमपीच्या मागच्या कप्प्यात, जवानांच्या शेजारी बसून प्रवास कर. ड्रायव्हरना नावाने ओळख, कारण इंजिनाचा बदललेला आवाज सर्वांत आधी त्यांनाच कळतो आणि ओळख असली तरच ते तो तुला वेळेत सांगतात. सुट्या भागांची मागणी बिघाड होण्याआधी पाठव.

आई बरी आहे. ती खाऊचे पार्सल उद्या पाठवत आहे.

तुझे,
बाबा