कोलाडचा अनुभव झांस्करला पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लडाखमधील झांस्कर नदीवरील राफ्टिंगविषयी जे लिहून आले, त्यातल्या निसर्गवर्णनाबद्दल माझी तक्रार नाही; ते पाणी आणि ते कडे आहेतच तसे. परंतु ‘राफ्टिंगसाठी कोलाडला जाऊन आलेल्या कोणालाही ही मोहीम जमेल’ हा त्यातला दिलासा मला खटकला. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका आयोजकाने जवळपास याच शब्दांत माझी खात्री पटवली होती आणि त्या भरवशावर, वयाच्या ५२ व्या वर्षी, मी पदुमपासून निम्मूपर्यंतचा पाच दिवसांचा प्रवास राफ्टमधून केला.

ताम्हिणी उतरून आपण कोलाडला जातो तेव्हा तिथल्या कुंडलिका नदीला असलेले पाणी भिरा येथील वीजप्रकल्पातून सोडलेले असते. ते केव्हा येणार हे ठरलेले असते आणि दुपारी आपण जेवायच्या पानावर असतो. झांस्करचे पाणी बर्फ वितळून येते. वरच्या बाजूला दिवसभर वितळलेले पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ, कधी रात्रही होते. त्यामुळे मुक्कामावर राफ्ट बऱ्याच वर ओढून बांधाव्या लागतात. पहिल्या संध्याकाळी आमच्या लडाखी मार्गदर्शकाने पाण्याच्या कडेला वाळूत एक काठी रोवली. आम्ही खिचडी खाऊन ताटे धुवायला गेलो, तेव्हा काठी पाण्यात उभी होती. त्याने काही न बोलता एक तंबू हलवायला लावला, तो नेमका आमचा.

तिसऱ्या दिवशी नेरक गाव मागे टाकल्यावर आमच्या राफ्टमधला एक जण पाण्यात पडला. हे गृहस्थ टिळक तलावावर वर्षानुवर्षे पोहणारे, दमदार. पण त्या गारठ्याने त्यांचा श्वासच अडकला आणि पहिल्या श्वासाबरोबर गढूळ पाणी आत गेले. फेकलेला दोर थेट त्यांच्या खांद्यावर पडला, तरी बोटे मिटेनात. सोबत कयाकमधून, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होडीतून, येणाऱ्या तरुणाने त्यांना ओढून काठाला आणले. अशा वेळी उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला, चवडे पाण्याच्या वर ठेवायचे आणि खळाळात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. हे आम्हाला सांगितले होते, पण काठावर, नदीच्या आवाजात, दहा मिनिटांत. पाण्यात उतरवून एकदाही करून घेतले नव्हते. पुण्याच्या माहितीपत्रकात रक्कम परत मिळण्याचे नियम सविस्तर होते, सुरक्षा-कयाकचा मात्र उल्लेखही नव्हता. तो कयाक आणला होता स्थानिक मार्गदर्शकांनी, आपल्या शिरस्त्याप्रमाणे.

जाहिरातीत जी ‘ग्रेड’ छापतात, तिच्याविषयीही लिहायला हवे. १ ते ६ ही आंतरराष्ट्रीय श्रेणी खळाळाची अवघडता सांगते. मदत किती दूर आहे, हे ती सांगत नाही. म्हणूनच पाणी साधारण १० अंश सेल्सिअसहून थंड असेल किंवा प्रवास निर्मनुष्य भागातून अनेक दिवसांचा असेल, तर नदी एका श्रेणीने अधिक अवघड धरावी, असा या क्षेत्रातला जुना संकेत आहे. झांस्करला दोन्ही गोष्टी लागू होतात.

यावर कोणी म्हणेल की, आता तिथे रस्ता झाला. सीमा रस्ते संघटनेने निम्मू–पदुम–दारचा हा मार्ग २०२४ मध्ये जोडला, हे खरे आहे. पण कड्यावर रस्ता दिसणे आणि जखमी माणसाला त्या रस्त्यापर्यंत नेता येणे यांत फार अंतर आहे. आमच्या प्रवासात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नव्हती आणि आपल्या देशात परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगता येत नाही. शिवाय या खोऱ्याचा भरवसा किती, याचे उदाहरण फार जुने नाही: झांस्करला मिळणाऱ्या फुक्ताल नदीवर २०१४ च्या अखेरीस दरड कोसळून पाणी तुंबले आणि २०१५ च्या मे महिन्यात तो बांध फुटून खालचे पूल वाहून गेले.

महाराष्ट्र शासनाचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण राज्यातल्या उपक्रमांसाठी आहे. पुण्यात पैसे घेऊन परराज्यातल्या नदीवर माणसे नेणाऱ्यांनाही पर्यटन संचालनालयाने निदान एवढे बंधनकारक करावे की, सुरक्षा-कयाक, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक, सुटकेची व्यवस्था आणि थंड पाण्यातला सराव यांची माहिती त्यांनी पैसे भरण्यापूर्वी लेखी द्यावी. आपल्या पुरवणीतही अशा मोहिमांबद्दल लिहिताना आयोजकाला हे प्रश्न विचारून त्याची उत्तरे छापावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे