डावा हात जप

चि. आशिष,
सप्रेम सलाम.

रविवारी भरल्या ताटावरून उठून गेलास. मामा म्हणाले, देव आपल्या माणसांचीच परीक्षा पाहतो, आणि तुझं डोकं फिरलं. माझंही फिरलं होतं, पण मी वाढत होते.

स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढून वाच. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटाला कुठेतरी उजाडतं, ह्यात नाही. अंधारावरच संपतं. तरी बायबलमध्ये आहेच ना? एवढं भांडणारा माणूसही भांडतोय देवाशीच. तू तेवढं केलंस तरी मला पुष्कळ.

डायलिसिसला डोंबिवलीहून येताना बॅग डाव्या हाताला अडकवू नकोस. बीपीही उजव्याच हातावर घ्यायला सांग, नवीन सिस्टर असली की हटकून विसरते.

परवा तू झोपलेला असताना डाव्या हातातल्या फिस्टुलावर, डायलिसिससाठी जोडलेल्या त्या शिरेवर, बोटं ठेवून पाहिली. कातडीखाली घरघर चालू होती. लहानपणी कफ झाला की तुझ्या छातीला हात लावल्यावर अशीच लागायची. पप्पा तुला खांद्यावर घेऊन भायखळ्याच्या त्या खोलीत रात्रभर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायचे, बेसूर, आणि पलीकडच्या काकू भिंत ठोकायच्या. तू मात्र झोपायचास.

काय सांगत होते? हां. केडगावला मुक्ती मिशन पाहिलंस ना? पंडिता रमाबाईंची एकुलती एक मनोरमा 1921 साली गेली, पुढच्या वर्षी बाई स्वतः. मधले महिने त्या बायबलच्या भाषांतराचंच काम करत होत्या. लोक म्हणतात, केवढी शांती! मला वाटतं, रडून झाल्यावर कागद पुढे ओढण्यापुरतीच ती मिळत असेल. मला तरी रोज तेवढीच मिळते, दुसऱ्या दिवशी परत मागावी लागते.

पाणी मोजून पितोस ना? शहाळं कुणी आग्रहाने दिलं तरी नको, पोटॅशियम वाढतं. आणि गर्दीत दांडा उजव्या हाताने धर. झालं, लागले उपदेश करायला! माफ कर. चार तास सुया टोचलेल्या असताना तू एका हाताने ऑफिसचं काम उरकतोस, हे मी मंडळीत सगळ्यांना सांगत फिरते. तुला आवडत नाही, तरी सांगते.

मंगळवारी परळ स्टेशनच्या पुलावर थांबते. नको म्हणालास तरी येणार. मोठ्याने प्रार्थना करणार नाही, पण बॅग माझ्याकडे द्यायची. डब्यात दुधी आहे, मीठ नावाला. नाक मुरडायचं नाही.

तुझी,
आई