शेगडी दाराजवळ नको

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तू स्वयंपाकघराचा नकाशा स्वतः काढून पाठवलास, १:२० च्या प्रमाणात, एकेक माप घालून, आणि मी तोंड उघडलं ते "शेगडी तिथे चालायची नाही" म्हणायला. नकाशा सुरेख झालाय हे आधी सांगायला हवं होतं. मापांच्या रेषा बाहेर काढल्यास, दाराच्या चौकटीची जाडीही धरलीस. आईने तो कपाटाच्या दाराला चिकटवलाय. येता-जाता बघतो.

शेगडीबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. बाकीच्या गोष्टी लिहितो. त्या एकदा ओट्याचा दगड बसला की बदलता येत नाहीत.

आधी मापं. लांब भिंत ३६० सेंमी आणि आखूड २१० लिहिलीस. ही गिलाव्याआधीची की नंतरची? गिलावा, टाइल आणि टाइलमागचा मसाला मिळून दोन्ही टोकांना दोन-तीन सेंमी सहज जातात, आणि ऐन वेळी फ्रीजच्या जागेला नेमके तेवढेच कमी पडतात. भिंत तीन ठिकाणी मोज : जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर. सगळ्यांत लहान येईल ते माप धर. मग कोपरा तपास. मोठा गुण्या नसला तरी चालेल. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंमीवर खूण कर, दुसरीवर १२० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० आलं तर कोपरा काटकोनात आहे. जास्त आलं तर कोपरा उघडलाय, कमी आलं तर मिटलाय. तसं असेल तर सुताराला आधीच सांग, म्हणजे तो भिंतीलगत ३ ते ५ सेंमीची पट्टी सोडेल आणि जागेवर तासून बसवेल. पट्टी न सोडता कपाटं भिंतीला भिडवली की शेवटचा ड्रॉवर टाइलला घासतो.

ओट्याची उंची ८५ लिहिलीस. ती कुठून घेतलीस? बहुतेक सगळीकडे ८५ ते ९० असते म्हणून घेतली असशील. तुझं माप तुझ्या कोपरावरून काढायचं. घरात जे पायात घालतेस ते घालून ताठ उभी राहा, हात कोपरात दुमड, कोपर ते जमीन मोज आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा कर. तुझ्या उंचीला ९० च्या आसपास यायला हवं. निखिलराव तुझ्याहून उंच आहेत, तेव्हा दोघांची मापं घ्या आणि जो जास्त वेळ उभा राहतो त्याचं धरा. सिंकचा तळ ओट्याखाली १८-२० सेंमी जातो, म्हणून भांडी घासताना पाठ दुखते आणि आपण दोष ओट्याला देतो. फार खोल सिंक घेऊ नकोस. खालच्या कपाटांच्या तळाशी पाऊल आत जाईल अशी १० सेंमी उंच आणि ५ ते ७ सेंमी खोल खाच ठेव. तुझ्या नकाशात ती नाही. खाच नसली की माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि कमरेतून वाकतो. तुझी कंबर आत्ताच बोलते, हे आईने सांगितलंय मला.

खालच्या कपाटांना दारं दाखवलीस. शक्य तितके ड्रॉवर कर. ६० सेंमी खोल कपाटात मागचं भांडं काढायला पुढची चार बाहेर काढावी लागतात आणि गुडघ्यावर बसावं लागतं. ड्रॉवर ओढला की मागचं पुढे येतं. मात्र ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनल पूर्ण बाहेर येणारं हवं. अर्धंच येणारं घेतलंस तर मागची जागा तशीच अंधारात राहते. जड भांड्यांच्या ड्रॉवरला चॅनल किती वजन पेलतं ते विचार आणि लिहून घे. कोपऱ्यात दोन ड्रॉवर एकमेकांना काटकोनात येतात, तिथे दोन्ही बाजूंना निदान ५ सेंमीची पट्टी सोड. नाहीतर एकाच्या मुठीला दुसरा अडतो आणि दोन्हीपैकी एकही पूर्ण उघडत नाही.

एक काम आज रात्रीच कर. नकाशावर प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर, फ्रीज, ओव्हन, सगळं उघडलेलं काढ. बंद दारांचा नकाशा सगळ्यांचाच छान दिसतो. तुझा फ्रीज आखूड भिंतीच्या टोकाला, बाजूच्या भिंतीला चिकटून आहे. आतले कप्पे बाहेर ओढायला त्याचं दार ९० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि भिंतीला चिकटलेलं दार ९० वरच थांबतं. मग कप्पा अर्धा बाहेर येऊन अडकतो आणि रोज तिरका करून काढावा लागतो. बिजागरीच्या बाजूला किती जागा सोडायची ते फ्रीजच्या कागदावर लिहिलेलं असतं. म्हणूनच म्हणतो, फ्रीज, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), चिमणी आणि सिंक यांचे नेमके मॉडेल आधी ठरव, त्यांचे मापांचे कागद हातात घे, मगच कपाटांची ऑर्डर दे. उलटं केलंस तर दगड चुकीच्या मापाने कापला जातो, आणि कापलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.

सिंकखालच्या कपाटाचं नीट ऐक. स्वयंपाकघर सडायला लागतं ते बहुधा तिथून. बोर्डाचा चेहरा लॅमिनेटने झाकलेला असतो, पण कापलेली कड उघडी राहिली तर तीच पाणी पिते. आधी कडेलगत लॅमिनेट केसभर उचललं जातं, बोटाने दाबलं तर आत भुसभुशीत लागतं, आणि महिन्याभरात तळाची फळी पोटासारखी फुगते. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळला तरी मूळ जाडीवर परत येत नाही. म्हणून त्या एका कपाटाला तरी मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड, वापर. चारही कडा बंद करून घे, खाली लपलेली आणि पाइपांसाठी पाडलेल्या भोकांची कडसुद्धा. सुतार म्हणेल "आतून कोण बघतंय?" तू बघ. पाठीमागची फळी नको, म्हणजे नळाचे जोड आणि कॉक हाताशी राहतील. सांडपाण्याच्या पाइपाला मीटरमागे २ ते २.५ सेंमी उतार हवा आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाइपाच्या वळणात, निदान ५ सेंमी पाणी उभं राहायला हवं, नाहीतर वास वर येतो. भिंतीतलं सांडपाण्याचं तोंड सिंकच्या तळापासून पुरेसं खाली आहे ना हे गिलाव्याआधी तपास. नंतर कळलं तर भिंत फोडावी लागते. आणि गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढून ठेव. पुढे खिळा ठोकताना तोच उपयोगी पडतो.

हे सगळं मी फार हुकूम दिल्यासारखं लिहितोय, कळतंय. घर तुझं आहे. तुला नको वाटेल ते सोड.

पण शेगडी.

बघ, लिहायचं नाही म्हणून लिहायला लागलोच. दाराच्या चौकटीला लागून तू तिची ६० सेंमी धरलीस. दाराच्या बाजूला ओटा शून्य. दारातून येणाऱ्याची कोपर भांड्याच्या दांड्याला लागणार. उकळतं भांडं उतरवून टेकवायला एका बाजूला निदान ३० आणि दुसऱ्या बाजूला ३८ ते ४० सेंमी मोकळा ओटा लागतो. तो नसला की माणूस गरम भांडं हातात धरून जागा शोधत वळतो. दाराचा झोत ज्योत विझवतो ते वेगळंच. आणि सई आता चालत नाही, पळते. तिने हात वर केला की ओट्याची कड गाठते. तुझ्या डाव्या हातावरचा डाग मी अजून बघतो, तू बाही ओढून घेतलीस तरी.

तू तिथे शेगडी का ठेवलीस तेही मला कळलंय. उभ्या जागेवरून बाहेरच्या खोलीत खेळणारी सई दिसावी म्हणून. कारण योग्य आहे, आणि रविवारी मी ते ऐकूनच घेतलं नाही. चुकलो. पण स्वयंपाकात शेगडीपुढे उभं राहण्यापेक्षा निवडण्या-चिरण्यात जास्त वेळ जातो. दार दिसायला हवं ते त्या जागेवरून.

चिमणीचाही धागा इथेच येतो. तू शेगडी दाराशी ठेवलीस आणि बाहेरची भिंत आहे पलीकडे, आखूड. म्हणजे धुराचा पाइप साडेतीन मीटर आडवा जाणार, तीन वळणं घेत. प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो आणि आडव्या पाइपात तेल साठतं. त्यात कोणी "१५० मिमीचा पाइप कपाटात मावत नाही, १०० चा टाकू" म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस. १०० च्या पाइपाचं तोंड १५० च्या निम्म्याहूनही लहान असतं. यंत्र तेवढंच ओरडतं आणि धूर घरातच राहतो. शेगडी बाहेरच्या भिंतीला असेल तर एक वळण आणि थेट बाहेर. चिमणी शेगडीहून अरुंद नको, आणि गॅसच्या ज्योतीपासून उंची साधारण ६५ ते ७५ सेंमी, पण तिच्या कागदावर जे लिहिलंय तेच शेवटचं.

फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने १.९ × ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, ते तुला दाखवलं होतं. तुझी खोली त्याहून थोडीशीच मोठी आहे. एवढ्याशा जागेत तिने आधी हातापायांच्या हालचाली मोजल्या आणि मग कपाटं काढली. तूही तसंच कर. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने ओटा आखून घे, खोकी रचून उंची दे आणि एक पूर्ण स्वयंपाक रिकाम्या हातांनी करून बघ. फ्रीज, सिंक, चिरणं, शेगडी, वाढणं. निखिलरावांना त्याच वेळी आत-बाहेर करायला सांग. सईलाही पळू दे. कुठे टक्कर होते ते पाच मिनिटांत कळेल. लहानपणी खडूने अंगणात घरं आखायचीस तेव्हा आधी दार काढायचीस आणि मग चुलीसाठी सगळ्यांत लांबचा कोपरा शोधायचीस. मी तेव्हा काही शिकवलं नव्हतं.

मी तुझ्याच मापांवर दुसरी मांडणी काढली आहे, सोबत पाठवतो. लांब भिंतीवर दारापासून : फ्रीजला ७५ सेंमी, म्हणजे पाणी हवं असलेल्याला तुझ्यापर्यंत यावंच लागत नाही. मग सामान टेकवायला ४५, मग खिडकीखाली सिंकचे ६०, मग तयारीला सलग ९०, आणि उरलेले ९० कोपऱ्यात. ९० सलग असावेत, तुकड्यांत नाही. तिथे उभं राहून डावीकडे मान वळवली की दार दिसतं. आखूड भिंतीवर कोपऱ्याचे ६० सोडून ३० मोकळे, मग शेगडीचे ६०, मग पुन्हा ६० मोकळे. फ्रीज, सिंक, शेगडी आणि परत फ्रीज हा फेरा साधारण साडेपाच मीटर भरतो. ८ मीटरच्या आत असला की पाय थकत नाहीत. समोरच्या भिंतीपर्यंत दीड मीटर उरतं, म्हणजे दोघं एकमेकांच्या पाठीमागून जाऊ शकता. गॅसचा कॉक शेगडीच्या पाठीमागे नको, बाजूच्या कपाटात, हात ज्योतीवरून न नेता पोचेल असा.

दिवे वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला. छताच्या मधोमध एकच दिवा असला की तुझी सावली तुझ्याच चिरण्यावर पडते. ओव्हनला, आणि पुढे घेशील त्या भांडी धुण्याच्या यंत्राला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. सॉकेट सिंकच्या कडेपासून निदान ३० सेंमी लांब, आणि तयारीच्या जागेवर वाटतात त्याहून दोन जास्त.

दगडाचं तू क्वार्ट्झ म्हणालीस. त्यात राळ असते, शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं तर डाग राहतो, कधी तडाही जातो. घ्यायचंच तर शेगडीच्या दोन्ही बाजूंना गरम भांड्याखाली आधार ठेवायची सवय लावून घ्या. जोड सिंकच्या किंवा हॉबच्या कापावर येऊ देऊ नकोस, आणि कापाचे कोपरे गोल ठेवायला सांग. टोकदार कोपऱ्यातूनच चीर निघते.

सुतार गुरुवारी येणार म्हणालीस. त्याच्यासमोर बोलणार नाही, फोनही करणार नाही. दोन्ही नकाशे त्याच्यापुढे ठेव आणि तुला पटेल तोच दे. फक्त शेगडीचं काय ठरलं तेवढं मला त्याच दिवशी संध्याकाळी कळव. सईची उंची या महिन्यात किती भरली तीही लिही.

तुझा,
बाबा